बॅट कुणाच्या वाट्याला येते?

जयंतीचा महिना संपला तरी आमच्या उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये टेनिस बॉल स्पर्धांची चर्चा पुढे पंधरा दिवस चालू असते. कुणी कुणाला किती सिक्स मारले, कोणत्या टीमने बाहेरचा प्लेअर आणला, अंपायर कुणाचा मेहुणा होता. या चर्चेत दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, "पोट्ट्यात टॅलेंट आहे." दुसरं, "पण आपल्या पोट्ट्याले वर कोण घेते?"

मित्रांनो, या दोन्ही वाक्यांशी माझं भांडण आहे.

पहिलं वाक्य कौतुकाचं वाटतं, पण त्याच्या पोटात काय आहे ते बघा. टॅलेंट म्हणजे जन्मासोबत आलेली देणगी. गुण जन्मावरून ठरतो, हे मानायला आपण नकार दिला म्हणून तर आपण इथपर्यंत आलो. शाळेत, नोकरीत कुणी 'मेरिट'ची भाषा केली की आपण विचारतो, मेरिट घडवायला काय काय लागलं त्याचा हिशेब द्या. मैदानावर मात्र हाच प्रश्न विचारायचा आपण विसरतो आणि 'रक्तातच आहे' म्हणून मोकळे होतो.

दुसरं वाक्य खोटं नाही. पण ते प्रश्न फार उशिरा विचारतं. निवडीच्या दारात अन्याय होतोच. पण त्याच्या दहा वर्षं आधी, सकाळी सहा वाजता, कुणाला किती चेंडू खेळायला मिळाले, तिथे जो निकाल लागलेला असतो त्याबद्दल आपण कधी बोलतच नाही.

हिशेब मांडून बघू. आठ षटकांच्या सामन्यात एका संघाच्या वाट्याला ४८ चेंडू येतात. त्यातले वीस-बावीस सलामीचे दोघे खातात. सहाव्या-सातव्या नंबरच्या पोराला तीन चेंडू मिळाले तर नशीब. वर्षभरात तो असे चाळीस सामने खेळला तरी १२० चेंडू झाले. आता दुसरीकडे बघा. फी भरून अकादमीत जाणारा मुलगा एका सकाळी नेटमध्ये चाळीस चेंडू खेळतो, वर प्रशिक्षक त्याला पन्नास-साठ थ्रोडाऊन देतो. आपल्या पोराचा वर्षाचा कोटा तो दोन सकाळींत संपवतो. पाच वर्षांनी ही दोघं निवड चाचणीला एकाच रांगेत उभी राहतात आणि निवड समिती म्हणते, आम्ही फक्त खेळ बघतो.

मला हा हिशेब सुचण्याचं कारण वैयक्तिक आहे. लहानपणी भावांच्या खेळात मी रोज असायची, पण बॅट माझ्या हातात कधी आली नाही. मी नालीपलीकडे उभी राहून बॉल आणून द्यायची. त्यामुळे माझा फेकीचा हात चांगला झाला, आजही मी बाउंड्रीवरून कीपरच्या हातात बॉल देऊ शकते. बॅटिंग मात्र शून्य. जे करायला मिळालं ते आलं, जे मिळालं नाही ते आलं नाही, यात टॅलेंट कुठून आणायचं?

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्यानंतर वस्तीतल्या सात-आठ मुली माझ्याकडे आल्या, "ताई, आम्हाले क्रिकेट खेळायचं आहे." पोरं आधीपासून होतीच. रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी क्लब क्रिकेट खेळलेले एक काका शेजारच्या नगरात राहतात. त्यांना गाठलं. ते म्हणाले, येतो, पण एक अट. शिकवायला लावणाऱ्यानेही शिकायचं. तेव्हापासून वयाच्या पस्तिशीत मीही पॅड बांधते. पुढे जे लिहिते आहे ते त्या शिकण्यातून आणि एम.ए.ला वाचलेल्या समाजशास्त्रातून आलं आहे.

आधी बाळू पालवणकरांबद्दल बोलू. १८७६ चा जन्म, चांभार समाज, डावखुरा फिरकी गोलंदाज. आपल्या पोरांना हे नाव फारसं माहीत नसतं. एक कारण म्हणजे १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. त्यामुळे आपल्याकडे हे नाव जरा अडखळतच घेतलं जातं. ते राजकारण ज्या त्या जागी ठेवू. इथे मला त्यांच्या सरावाबद्दल बोलायचं आहे.

पुण्यात पारशांच्या क्लबात बाळूंना महिना तीन रुपयांची नोकरी होती. मग इंग्रजांच्या क्लबात चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, आखणी करायची, जाळी लावायची, आणि साहेब लोकांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा त्यांचा सगळ्यात चांगला फलंदाज लवकर येऊन एकट्या बाळूंकडून सराव करून घ्यायचा, आणि बाद केल्यावर दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी कथा रामचंद्र गुहांनी आपल्या इतिहासग्रंथात दिली आहे. विचार करा, दररोज शेकडो चेंडू, समोर सर्वोत्तम फलंदाज, आणि प्रत्येक चेंडूचा निकाल डोळ्यांसमोर. याहून चांगलं प्रशिक्षण आजच्या अकादमीतही मिळणार नाही. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

पण त्याच गुहांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. पुण्यातल्या त्या सगळ्या वर्षांत साहेबांनी बाळूंच्या हातात एकदाही सरावासाठी बॅट दिली नाही. गोलंदाजी हे अंगमेहनतीचं काम. बॅटिंग हा मालकाचा हक्क. नेटच्या जाळीत जातही होती आणि वर्गही. पुढे हिंदूंच्या क्लबाने त्यांना संघात घेतलं, कारण सामने जिंकायचे होते, पण चहा मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात आणि जेवण वेगळ्या पानावर. कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही बऱ्याच संघर्षानंतर.

आज काय वेगळं आहे? मी पाहिलेल्या दोन-तीन अकादम्यांमध्ये फी भरणारी मुलं बॅटिंग करतात आणि आसपासच्या वस्त्यांतली पोरं 'नेट बॉलर' म्हणून फुकट किंवा नाश्त्यावर बॉलिंग टाकतात. बॅट महाग, पॅड महाग, हेल्मेट महाग. चांगल्या इंग्लिश विलोच्या बॅटला घरकाम करणाऱ्या आईचा महिन्याचा पगार पुरत नाही. बॉलिंगला मात्र हात लागतो फक्त. म्हणून आपली पोरं बॉलर होतात, आणि लोक म्हणतात, यांच्या अंगात ताकद असते.

आता उमेश यादव बघा. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा. पोलिसात, सैन्यात भरती व्हायचे प्रयत्न झाले. विशीच्या उंबरठ्यापर्यंत त्याने सीझन बॉल टाकलेलाच नव्हता, सगळं क्रिकेट टेनिस बॉलवर. २००८ साली तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ साली भारताकडून कसोटी. वस्तीतले लोक हे उदाहरण देऊन सांगतात की बघा, कोचिंगशिवाय पोहोचला. मला त्यातून उलटच दिसतं. वेग त्याच्याकडे आधीपासून होता, पण सीझन बॉल, चांगली खेळपट्टी आणि शिकवणारी माणसं मिळाल्यावर तीन वर्षांत तो कसोटीपर्यंत गेला. त्याआधीची वर्षं कुठे गेली? आणि उमेश वेगवान गोलंदाज होता म्हणून हे जमलं. टेनिस बॉलवर विशीपर्यंत खेळलेला फलंदाज असा वर येणं मला फार अवघड दिसतं.

याचं कारण तांत्रिक आहे, आणि ते आपल्या पोरांनी समजून घ्यायला हवं. साधा टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आतला, सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅम. टेनिस बॉल सिमेंटवर पडला की उडतो, छातीपर्यंत येतो. म्हणून पोरगं मागच्या पायावर राहून आडव्या बॅटने लेगला उचलतं. त्यात गल्लीचे नियम भर घालतात. ऑफ साइडला भिंत, म्हणून तिकडे फटकाच नाही. समोर नाली, तिथे बॉल गेला की आऊट, म्हणून सरळ ड्राइव्ह नाही. बॅट मागून आणलेली, म्हणून यॉर्करवर बॅट दाबायची नाही, तुटली तर भरून कोण देणार? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी म्हटलं आहे की माणसाची सामाजिक जागा त्याच्या शरीराच्या सवयींमध्ये मुरते. एम.ए.च्या परीक्षेत हे उत्तर मी चार पानं लिहिलं होतं. कळलं मात्र आमच्या वस्तीतल्या पोरांची बॅटिंग बघून. आमची गल्ली त्यांच्या मनगटात बसलेली आहे.

सीझन बॉल शिवणीवर पडून आत-बाहेर जातो, खाली राहतो. आडवी बॅट तिथे कामाची नाही. म्हणून टेनिसवर पन्नास करणारा पोरगा सीझन बॉलवर दुसऱ्या चेंडूला बोल्ड होतो, आणि दोन्हीकडे तो तोच पोरगा असतो.

काकांनी पहिल्या दिवशी बॅटला हात लावू दिला नाही. "ताई, बॅट नंतर. आधी डोकं कुठं जाते ते पाहा." आम्ही सगळे बॉल येताना डोकं ऑफ साइडला पाडत होतो. डोकं पडलं की तोल गेला, तोल गेला की बॅट आडवी. दोन आठवडे फक्त उभं राहणं, डोळे समांतर ठेवणं आणि हळू फेकलेला बॉल सरळ बॅटने थांबवणं. पोरं कंटाळली. तिघं सोडूनही गेली. टीव्हीवर हे कुणी दाखवत नाही.

मग एकेक भर पडली. वरच्या हाताने बॅट चालवायची, खालचा हात फक्त बोटांनी धरायचा. जुन्या मोज्यात बॉल घालून झाडाला दोरीने टांगायचा आणि रोज शंभर वेळा सरळ बॅटने, बॉल आला त्याच दिशेने परत पाठवायचा. याला खर्च शून्य. बॉलरसाठी गुड लेंथवर पेपरचं एक पान विटेखाली दाबून ठेवायचं आणि बारा चेंडूंत किती पानावर पडले ते वहीत लिहायचं. कॅचसाठी टेनिस बॉल पाण्यात भिजवायचा, निसटायला लागतो, हात मऊ ठेवायची सवय होते. ब्रॅडमनची गोष्ट जगाला माहीत आहे. बाउरल गावात घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांवर गोल्फ बॉल मारायचा आणि परत येणारा बॉल बॅटऐवजी स्टंपने खेळायचा. जसप्रीत बुमराह लहानपणी दुपारी घरातच भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यावर बॉल टाकायचा, कारण तिथे पडला की आवाज होत नाही आणि आईची झोपमोड होत नाही. त्यातून यॉर्कर आला. दोघांकडेही त्या क्षणी कोच नव्हता. पण दोघांकडे घर होतं, भिंत होती, आणि दुपारी कुणी कामाला पाठवत नव्हतं. हेही लक्षात असू द्या.

अँडर्स एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यातून पुढे '१०,००० तास' हा आकडा लोकप्रिय झाला आणि प्रेरणा देणाऱ्या वक्त्यांनी तो खूप विकला. एरिकसनचा मुद्दा नुसत्या तासांचा नव्हता. आपल्याला जे जमत नाही नेमकं तेच, कुणीतरी चूक दाखवत असताना, पुन्हा पुन्हा करणं, याला तो सराव म्हणतो. आपली पोरं रोज तीन तास खेळतात, पण त्या तीन तासांत जे जमतं तेच करतात. त्याला खेळ म्हणायचं. खेळही हवा, पण खेळाने कौशल्य वाढत नाही, असलेलं टिकतं. चूक दाखवणारा डोळा बाहेरचा लागतो. प्रशिक्षकाचं काम एवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे.

ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या विदर्भाच्या संघाकडे बघावं. कित्येक दशकं रणजीत विदर्भ म्हणजे सोपा पेपर. मग चंद्रकांत पंडितांसारखा कडक शिस्तीचा प्रशिक्षक आला, वसीम जाफरसारखा अनुभवी खेळाडू आला, आणि २०१७-१८ व २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक इथे आला. २०२४-२५ मध्ये पुन्हा. मधल्या काळात विदर्भाच्या पाण्यात काही बदल झाला नव्हता.

आचरेकर सरांचा एक रुपया सगळ्यांना माहीत आहे. सरावाच्या शेवटी स्टंपवर नाणं ठेवायचे. बॉलरने सचिनला बाद केलं तर नाणं बॉलरचं, शेवटपर्यंत टिकला तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. मला ही गोष्ट वाचताना दर वेळी बाळूंचे आठ आणे आठवतात. जवळपास सारखाच खेळ. एकासाठी ते आठवणीतलं पदक झालं, दुसऱ्यासाठी ती मजुरी होती. सचिनची मेहनत कुणी नाकारू शकत नाही, नाकारूही नये. पण त्याला आचरेकरांकडे नेणारा मोठा भाऊ होता, शिवाजी पार्कजवळ राहायला काका-काकूंचं घर होतं, शाळा बदलू देणारे प्राध्यापक वडील होते. मेहनतीला रुजायला अशी जमीन लागते. आमच्या पोरांसाठी तो मोठा भाऊ कोण होणार, हा माझा प्रश्न तुम्हाला आहे.

आता 'मानसिकता'. हा शब्द सध्या फार स्वस्त झाला आहे. मोबाईलवर रोज कुणीतरी सांगतो, माइंडसेट बदला, सगळं मिळेल. आपल्या पोरांनी हे ऐकलं की हरल्यावर ती स्वतःलाच दोष देतात. आणि हे ऐकून वैतागलेले कार्यकर्ते दुसऱ्या टोकाला जातात, मन वगैरे काही नसतं, सगळं व्यवस्थेचं आहे. मला दोन्ही अपुरं वाटतं.

ताशी १३० किलोमीटर वेगाचा बॉल हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात मनात दुसरं काही असेल तर बॉल दिसत नाही. बॅट तुटेल का, काका ओरडतील का, हे लोक आपल्याकडे कसे बघताहेत. श्रीमंत मुलाच्या मनात हे प्रश्न कमी असतात. त्याची मानसिकता 'मजबूत' नसते, त्याच्या डोक्यावर ओझं कमी असतं. हे ओझं व्यवस्थेने टाकलेलं आहे, आणि तरीही ते अर्ध्या सेकंदापुरतं बाजूला ठेवायचं काम त्या पोरालाच करावं लागतं. हे अन्यायाचं आहे. पण हे शिकता येतं.

विहारात आमची पोरं आनापान करतात. काकांचा धम्माशी काही संबंध नाही, पण त्यांनी सांगितलेली रीत जवळपास तीच निघाली. प्रत्येक चेंडूनंतर क्रीजपासून दोन पावलं दूर जायचं, एक श्वास पूर्ण सोडायचा, ग्लोव्हजचा पट्टा नीट करायचा, परत यायचं, आणि बॉलरच्या हातातल्या बॉलकडे बघायचं. गेलेला बॉल गेला. मी स्वतः हे करायला लागल्यापासून पहिल्या चेंडूला डोळे मिटणं थांबलं. फार मोठी प्रगती नाही म्हणा, पण माझ्यासाठी मोठीच.

उलट बाजूचा एक मुलगाही आमच्याकडे आहे. सोळा वर्षांचा, वेगवान बॉलर. वहीतला आकडा वाढवायचा म्हणून तो घरामागे एकटाच रात्री आणखी शंभर चेंडू टाकायचा. पाठ धरली. वाढत्या वयात वेगवान गोलंदाजाच्या मणक्याच्या हाडाला ताणाने बारीक तडा जाऊ शकतो, म्हणून त्या वयात किती षटकं टाकायची यावर जगभर मर्यादा घालतात. काका त्याला रागावले. मी त्याला सोणाची गोष्ट सांगितली. सोण हा श्रीमंत घरचा भिक्खू, चालत ध्यान करता करता त्याच्या पायांतून रक्त यायला लागलं, तरी काही साधेना. बुद्धांनी त्याला त्याच्या जुन्या वीणेबद्दल विचारलं. तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर? पोरगा म्हणाला, "म्हणजे आठवड्यातून किती ओव्हर, ते सांगा ना ताई." प्रश्न बरोबर होता. आता तो एका दिवशी चार षटकांचे दोन हप्ते टाकतो, दुसऱ्या दिवशी टाकत नाही.

एक कठीण प्रसंग सांगते. सतरा वर्षांचा एक मुलगा, टेनिस बॉलवर आमच्या भागातला सगळ्यात धडाकेबाज, एका निवड चाचणीला गेला. कुठल्या ते सांगत नाही. तिथे त्याला विचारलं, कोणता क्लब? मग विचारलं, आडनाव काय? मग सहा चेंडू मिळाले. त्यात दोनदा बाद. परत येऊन तो रडला नाही, नुसता म्हणाला, "आडनाव विचारलं ताई. आपलं होतच नाही."

वस्तीतले कार्यकर्ते मला म्हणाले, यावर निवेदन देऊ. मी म्हटलं, देऊ. क्रिकेटच्या चाचणीत आडनावाचं काय काम, हे लेखी विचारलंच पाहिजे, आणि आम्ही विचारलं. उत्तर आलेलं नाही. पण त्या मुलाला मी वेगळं बसवून दुसरी गोष्टही सांगितली. तू त्या दिवसापर्यंत आयुष्यात सीझन बॉल किती खेळला होतास? त्याने मोजलं. दीडशे भरले नाहीत. ज्या बॉलवर तू दोनदा बाद झालास तो पुढचा पाय सरळ काढून खेळायचा बॉल होता, तो तू कधी खेळलाच नव्हतास. आडनाव विचारणारा माणूस चुकला. आणि त्याने विचारलं नसतं, तरी त्या दिवशी तू बाद झाला असतास. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दुसरी गोष्टसुद्धा जातीचीच आहे. दीडशे चेंडू ही तुझी चूक नाही, ते तुझ्या वस्तीला मिळालेलं माप आहे. निवेदनाने पहिली गोष्ट सुटेल कदाचित. दुसरी सकाळी सहाला उठून सोडवावी लागेल.

काही मित्रांना हे आवडलं नाही. ते म्हणाले, तू पीडितालाच दोष देते आहेस. मी दोष देत नाही, मी त्याला खेळताना बघू इच्छिते.

दक्षिण आफ्रिकेचा मखाया एन्टिनी हा त्या देशाकडून कसोटी खेळलेला पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन. लहानपणी गुरं राखायचा. १९९८ ला कसोटी पदार्पण, १०१ कसोटी, ३९० बळी. लोक त्याच्या दमाचं कौतुक करायचे, हॉटेलपासून मैदानापर्यंत पळत जातो म्हणून. २०२० साली एका मुलाखतीत त्याने सांगितलं की संघाच्या बसमध्ये तो मागे बसला की बाकीचे पुढे जाऊन बसायचे. जेवायला कुणी बोलवायचं नाही. तो एकटेपणा टाळायला तो बॅग ड्रायव्हरकडे देऊन पळत जायचा. बाळूंचं मातीचं भांडं आणि ही बस यांत शंभर वर्षांचं अंतर आहे. एन्टिनीची मानसिकता मजबूत होती यात शंका नाही. पण एवढी मजबूत असायची गरज त्याच्या संघातल्या बाकी दहा जणांना पडली नव्हती.

शेवटचा आक्षेप आपल्याच लोकांचा. "क्रिकेट म्हणजे टाइमपास आणि जुगार. पोरांना स्पर्धा परीक्षेला बसवा." मोबाईलवर टीम लावून पैसे घालवणारी पोरं मीही बघते, त्या धंद्याशी माझं काही देणंघेणं नाही. आणि ही शेकडो पोरं क्रिकेटवर पोट भरतील असं मी कुणाला सांगत नाही, काकाही सांगत नाहीत. पण चूक वहीत लिहायची, कंटाळवाणी गोष्ट शंभरदा करायची, हरलो तर कुठे हरलो ते शोधायचं, ही सवय आमच्या मोज्यातल्या बॉलवर लागली आणि त्यातल्या चौघी मुली आता गणिताची वही तशीच ठेवतात. चुकलेलं गणित लाल पेनाने पुन्हा. मी त्यांना हे सांगितलं नव्हतं.

मागच्या जयंतीच्या स्पर्धेत आमच्या भागात पहिलं बक्षीस २१,००० रुपये होतं, शिवाय चषक, डीजे, मंडप. काथ्याच्या मॅटिंगचं जे कोटेशन आम्ही आणलं ते पहिल्या बक्षिसाच्या जवळपास आहे. हे विहार समितीच्या बैठकीत मी मांडलं. दोघे जण चिडले, जयंतीचा पैसा आहे म्हणाले. एका आजीने विचारलं, "त्या चटईवर पोरी पण खेळतीन ना?" मी हो म्हटलं. यंदा बक्षीस कमी करून पैसे मॅटिंगला वळवायचं ठरलं आहे, अजून हातात आलेले नाहीत. जागा मोकळी आहे, खडे वेचून झाले आहेत.

काका मंगळवार, गुरुवार आणि रविवारी सकाळी सहाला येतात. ज्यांच्या घरी जुने सीझन बॉल, वापरलेले पॅड किंवा लहान मापाचे ग्लोव्हज पडून असतील त्यांनी विहारात आणून द्यावेत. डावखुऱ्या मुलीसाठी ग्लोव्हजचा एक जोड खास हवा आहे.

जय भीम.